जुनी शिडाची नौका कशी पारखावी

आष्टीपासून समुद्र सरळ रेषेनें मोजला तरी साडेतीनशें किलोमीटरांच्या आंत नाहीं. येथील पुष्कळ विद्यार्थ्यांनीं तो चित्रांतच पाहिला असेल. गोदावरीवरील होडीपलीकडे जलवाहनांशीं आपला परिचय बेताचाच. अशा ठिकाणच्या वार्षिकांत शिडाच्या नौकेच्या खरेदीवर लेख पाहून कोणी हंसेल, तर त्याचा दोष आम्ही त्यास देणार नाहीं. परंतु हा विषय आम्हीं शोधून काढलेला नसून तो टपालानें आमच्या दारीं आला. आमचा एक माजी विद्यार्थी मुंबईस एका कारखान्यांत नोकरीस आहे. मित्रांच्या संगतीनें तो बंदरांत नौका हांकावयास शिकला, आणि गतवर्षीं दिवाळीच्या सुमारास त्याचें पत्र आलें: "गुरुजी, एक जुनी नौका विकाऊ आहे. सुटीच्या दिवशीं तिनें क्लबाच्या शर्यतींत उतरतां येईल, आणि सवड मिळाली म्हणजे अलिबाग, मुरूड, जमल्यास रत्नागिरीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानें जातां येईल. माझी चार वर्षांची शिल्लक तिच्यांत जाणार आहे. मुंबईस असतांना आपला या लोकांत वावर होता. एकवार येऊन पाहाल काय?" आम्ही परतूरास गाडींत बसलों आणि गेलों. तेथें जें पाहिलें तें, व त्या निमित्तानें पूर्वीं शिकलेलें जें आठवलें तें, वाचकांपुढें ठेवीत आहों.

जुनी नौका घेणाऱ्यानें नौका पाहण्यापूर्वीं स्वतःस विचारावें कीं, हिचें आपण करणार काय? आमच्या विद्यार्थ्यास शर्यत आणि प्रवास दोन्ही हवीं होतीं, आणि बहुतेकांस दोन्ही हवींच असतात. पण हीं दोन कामें नौकेस दोन दिशांस ओढतात. शर्यतीची नौका हलकी, उंच डोलकाठीची व रिकामी असावी लागते. प्रवासाची नौका निजावयास जागा, पाण्याचीं पिंपें, शेगडी, नांगर आणि साखळी घेऊन चालते, व म्हणून जड होते. १९८२ सालच्या आशियाई क्रीडांतील शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रावर झाल्या. त्यांत फायरबॉल वर्गांत फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनीं भारतास सुवर्णपदक मिळवून दिलें. ही फायरबॉल सुमारें १६ फूट लांब, दोघांपुरती, आणि इतकी चपळ असते कीं, दोघांपैकीं एक जण तारेस अडकून वाऱ्याच्या बाजूस बाहेर लोंबत तिचा तोल संभाळतो. तींत बसून रत्नागिरीस जाऊं म्हणणें म्हणजे शर्यतीच्या घोड्यास नांगरास जुंपणेंच होय. उलट, लांबच्या प्रवासासाठीं बांधलेली नौका मोठ्या समुद्रावरील शर्यतींत उतरूं शकते. गोव्यांत दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनीं बांधलेली नौदलाची 'म्हादेई' ही ५६ फुटांची नौका २००९ सालीं पाण्यांत उतरली. तिच्यांतून दिलीप दोंदे यांनीं २००९-१० मध्यें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. तीच नौका २०११ सालीं केपटाऊन ते रिओ या शर्यतींत धांवली. आणि २०१२-१३ मध्यें अभिलाष टॉमी यांनीं तिच्यांतूनच कोठेंही न थांबतां दुसरी प्रदक्षिणा पुरी केली. पण बंदरांतील तीन तासांच्या शर्यतींत, घडोघडी वळणें घेतांना, अशी जड नौका काय करणार?

हा खेळ आपल्या प्रांतांत नवा नव्हे. मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा आणि पुण्याचा रॉयल कॉनॉट बोट क्लब १८६८ सालचा आहे. क्लबांच्या शर्यती दोन तऱ्हांच्या असतात. एका तऱ्हेंत सर्व नौका एकाच नकाशावरून बांधलेल्या असतात. मुंबईचा सीबर्ड वर्ग असा आहे. तेथें जो आधीं पोंचला तो जिंकला, हिशेब नाहीं. दुसऱ्या तऱ्हेंत लहानमोठ्या नौका एकत्र धांवतात आणि प्रत्येकीस तिच्या स्वाभाविक वेगानुसार एक अंक दिलेला असतो. इंग्लंडांतील पोर्टस्मथ पद्धतींत लागलेल्या वेळास हजारानें गुणून त्या अंकानें भागतात. समजा, एकीचा अंक १००० असून ती १०० मिनिटांत आली. दुसरीचा अंक ११०० असून ती १०८ मिनिटांत आली. पहिलीचा वेळ १०० मिनिटेंच राहिला. दुसरीचा मात्र ९८ मिनिटांहून थोडासाच अधिक झाला, आणि मागून आलेली दुसरी जिंकली! गणिताच्या तासास आळसावणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. खरेदीदारानें यांतून घ्यावयाचें तें इतकेंच कीं, ज्या क्लबांत आपण जाणार त्यांत कोणत्या नौका धांवतात हें आधीं पाहावें. पांच-दहा एकसारख्या नौकांच्या मेळ्यांतील जुनी नौका घेतली, तर खेळावयास सोबती मिळतात, शिडें मिळतात, सुटे भाग मिळतात आणि पुढें विकतांना गिऱ्हाइकही मिळतें. एकुलती एक सुंदर नौका घेतली, तर यांपैकीं कांहींच मिळत नाहीं.

प्रवासाच्या दृष्टीनें आपला किनारा कसा आहे हेंही पाहिलें पाहिजे. ऑक्टोबरपासून मेपर्यंत हवा बहुधा उघडी असते. पहांटे जमिनीवरून मतलई वारा येतो, आणि दुपारीं वायव्येकडून समुद्रावरचा खारा वारा सुटतो. या वाऱ्यावर मुंबईहून दक्षिणेस जाणें सोपें. वारा पाठीशीं असतो. परत येतांना तोच वारा तोंडावर येतो. कोणतीही शिडाची नौका थेट वाऱ्याच्या तोंडांत जाऊं शकत नाहीं. चांगली नौका वाऱ्याशीं सुमारें ४५ अंशांचा कोन राखून, आळीपाळीनें डावीउजवीकडे वळत, नागमोडी पुढें सरकते. शिडें सैल पडलेली किंवा तळ शेवाळलेला असला कीं हा कोन वाढत जातो. अशा नौकेनें गोव्यास जातां येतें, पण घरीं येतां येत नाहीं. वेगाचेंही गणित आहे. पाण्याच्या रेषेवर नौका जितके फूट लांब असेल, त्या संख्येचें वर्गमूळ घेऊन त्यास १.३४ नें गुणलें म्हणजे अशा जड नौकेचा ताशीं वेग सागरी मैलांत निघतो. २५ फुटांस तो ६.७ येतो, आणि त्यापुढें वारा कितीही वाढला तरी ती फारशी जात नाहीं. आपण उठविलेल्या लाटेंतच ती अडकून राहते. मुंबई ते रत्नागिरी सुमारें १२० सागरी मैल, आणि एक सागरी मैल १८५२ मीटरांचा. पांचाच्या सरासरीनें एक पुरा दिवस व एक पुरी रात्र लागते. म्हणून रात्रीं आळीपाळीनें निजावयास जागा आहे कीं नाहीं, हा प्रश्न चैनीचा नाहीं.

तळाची खोलीही महत्त्वाची. नौका उलटूं नये म्हणून तिच्या तळाखालीं शिशाचा किंवा लोखंडाचा जड पंखा असतो. त्यास कील म्हणतात. खोल कील वाऱ्याशीं झगडावयास चांगली, परंतु कोंकणच्या पुष्कळ खाड्यांच्या मुखाशीं वाळूचे दांडे आहेत, आणि मुंबईस उधाणाच्या दिवशीं पाणी चार ते पांच मीटर चढतें व उतरतें. भरतीला आंत शिरलेली खोल नौका ओहोटीला वाळूवर बसून राहील. पावसाळ्यांत तर हा किनारा लहान नौकांस बंदच समजावा. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसास निघालेली 'रामदास' बोट मुंबईपासून थोड्याच अंतरावर बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. ती वाफेची मोठी बोट होती. कोंकणांतील नाखवे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून कां ठेवतात, हें मग निराळें सांगावयास नको.

आणि या ओढून ठेवण्यांतच आमच्या विद्यार्थ्याच्या नौकेची कथा आहे.

नौका किनाऱ्यावर लांकडी टेकूंवर उभी होती. २६ फूट लांब, फायबरची, नुकताच पांढरा रंग दिलेली. आंत नव्या गाद्या, नवे पडदे, पितळेचा चकचकीत दिवा. विक्रेता बोलण्यांत गोड होता. तो पुनःपुन्हां एकच गोष्ट सांगे: "साहेब, दोन वर्षें ही पाण्यांत उतरलेलीच नाहीं. अगदीं न वापरलेली समजा." आमचा विद्यार्थी हें ऐकून हर्षभरित झाला. आम्हांस मात्र त्याच शब्दांनीं संशय आला. आमच्याकडील शेतकऱ्यास विचारा: दोन पावसाळे उघड्यावर उभी असलेली बैलगाडी तो न वापरलेली म्हणून अधिक दाम देऊन घेईल काय? लांकूड कुजविणारी बुरशी गोड्या पाण्यावर पोसते. खाऱ्या पाण्यांत ती वाढत नाहीं. म्हणून जुनी नौका समुद्रांत जितकी कुजते, त्याहून फार अधिक ती पावसांत कुजते. आणि मुंबईचा पाऊस काय असतो, हें आपल्या कोरडवाहू मुलखांतील माणसास तेथें राहिल्याखेरीज कळत नाहीं. फायबर कुजत नाहीं हें खरें. पण पुष्कळ नौकांच्या वरच्या तक्तपोशींत फायबरच्या दोन थरांमध्यें प्लायवूड किंवा हलकें लांकूड घातलेलें असतें. वर कठडे, कड्या, कप्प्या बसविण्यासाठीं जीं भोंकें पाडतात, त्यांच्या कडेचा लुकण म्हातारा झाला कीं पाणी थेंबाथेंबानें आंत उतरतें. वरची कातडी धड, खालची धड, आणि मधलें लांकूड भिजलेल्या पावासारखें.

आम्हीं विक्रेत्याची परवानगी घेऊन प्लास्टिकच्या डोक्याची एक लहान हातोडी मागितली. नाळेपासून पिछाडीपर्यंत हातभर अंतरानें ठोकीत गेलों. धड जागीं आवाज खणखणीत येतो. कुजक्या जागीं बद्द. कलिंगड घेतांना आपण करतों तेंच हें. डोलकाठीच्या पायापाशीं सुमारें दोन हात लांब व एक हात रुंद जागा बद्द वाजली. तेथें उभें राहून टांच दाबली तर तक्तपोशी किंचित् खालीं जाई. मग गादी उचलून आंतून पाहिलें. नव्या रंगाखालीं पिंगट ओघळ उमटूं लागले होते. ज्या जागेवर साऱ्या शिडांचा भार यावयाचा, तीच जागा पोकळ! विक्रेता म्हणाला, "एवढें तर सगळ्या नौकांना असतें." आमचा विद्यार्थी गप्प झाला. त्याचा चेहरा पाहून आम्हांस वाईट वाटलें, हें लपवीत नाहीं. गाद्या आणि पडदे पाहून त्यानें मनांत तिचें नांवही ठेवून टाकलें होतें.

लांकडी नौकेची परीक्षा थोडी निराळी. पाण्याबाहेर फार दिवस राहिली तर तिच्या फळ्या वाळून आकसतात व सांधी उघडतात. पाण्यांत उतरल्यावर पहिले कांहीं दिवस ती गळते. मग लांकूड फुगून सांधी बुजतात. उन्हाळ्यांत गाडीचीं चाकें डोहांत घालून ठेवतात तीं याच कारणानें. लांकूड फुगलें कीं धाव घट्ट बसते. म्हणून लांकडी नौका पहिल्या दिवशीं गळाली यानें घाबरूं नये. पण आठ दिवसांनींही गळतच राहिली तर मात्र सावध व्हावें. अणकुचीदार टोंचणी घेऊन तळाजवळच्या फळ्या, नाळेचा सांधा आणि सुकाणूं बसतें तो खांब टोंचून पाहावा. टोंचणी लोण्यांत शिरल्यासारखी शिरली तर पुढें पाहावयास नको. खिळ्यांभोंवतीं लांकूड काळें पडून भुसभुशीत झालें असेल तर लोखंडी खिळे आंत गंजले असें समजावें. सगळ्यांत अधिक लक्ष द्यावयाची सांध म्हणजे तळकण्यास लागून असलेल्या पहिल्या फळीची. जोर तेथेंच येतो.

या सांधेची एक हकीकत मुंबईशीं संबंध असलेली आहे, म्हणून सांगतों. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशानें 'सुहेली' नांवाची सागवानी नौका मुंबईस बांधवून घेतली. ती १९६४ सालीं पाण्यांत उतरली. लांबी ३२ फूट, बांधणी जाड, चाल मंद. भाऊ व एक मित्र यांच्यासह तो तिच्यांतून मुंबईहून निघून आफ्रिकेच्या टोंकास वळसा घालून १९६७ सालीं इंग्लंडास पोंचला. पुढें एकट्यानें, कोठेंही न थांबतां, पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत निघाली, तेव्हां त्यास नवी, मोठी नौका हवी होती. पण पैसा कोणी देईना, म्हणून त्यानें जुन्या सुहेलीसच घेतलें. १४ जून १९६८ रोजीं तो निघाला. थोड्याच आठवड्यांत अटलांटिक महासागरांत याच सांधींतून पाणी येऊं लागलें. तेव्हां तो समुद्रांत बुडी मारून, श्वास कोंडून, सांधींत कापूस भरीत बसला. मध्यें एक शार्क मासा आला, त्यास वर येऊन बंदुकीनें मारावें लागलें, आणि पुन्हां बुडी. २२ एप्रिल १९६९ रोजीं, ३१२ दिवसांनीं, तो परतला. निघालेल्या नऊ जणांत पोंचलेला तो एकटाच. सुहेलीची कथा ऐकवून कुजकी नौका गळ्यांत बांधणारे विक्रेते पुष्कळ असतात. त्यांस उत्तर हें कीं, तिची एक सांध सैल होती, सागवान धड होतें. अमेरिकेचा जोशुआ स्लोकम यास शेतांत टेकूंवर पडलेली एक मोडकी होडी फुकट मिळाली होती. तिचें लांकूड न् लांकूड बदलावयास त्यास १३ महिने आणि ५५३ डॉलर ६२ सेंट लागले. मग १८९५ ते १८९८ या काळांत तो तिच्यांतून एकटा पृथ्वीभोंवतीं जाऊन आला. फुकट मिळालेली नौका म्हणजे काय, याचा हा नेमका हिशेब त्यानें स्वतःच लिहून ठेवला आहे.

आतां वरचा सरंजाम. डोलकाठी उभी धरणाऱ्या तारांचा एखादा पदर तुटलेला आहे काय, हें कापसाचा बोळा फिरवून पाहावें. तुटलेला धागा कापूस ओढून धरतो. या तारा दहा वर्षांपेक्षां जुन्या असतील तर त्या बदलावयाच्याच, असें धरून किंमत सांगावी. शिडें उन्हानें मरतात, वाऱ्यानें तितकीं नाहीं. शिवणीचा दोरा नखानें खाजवून तुटला तर कापडही फार दिवसांचें नाहीं. शर्यतीसाठीं नवीं शिडें हवींत, प्रवासास जुनीं चालतात; म्हणून दोन संच असलेली नौका मिळाली तर ती खरोखर स्वस्त. कील ज्या बोल्टांनीं बसविलेली असते ते गंजले कीं नाहीं, हें तळाच्या आंतील बाजूनें पाहावें. इंजिनाचें तेल दुधाळ दिसलें तर त्यांत पाणी शिरलें आहे. सुकाणूं हातानें हलवून पाहिलें असतां खडखडतें काय? आणि हें सर्व झाल्यावर नौका पाण्यांत उतरवून, शिडें चढवून, फेरी मारल्याखेरीज पैसा देऊं नये. बेताच्या वाऱ्यांत सुकाणूं क्षणभर सोडून द्यावें. चांगली नौका हळूहळू वाऱ्याकडे तोंड वळवून थांबते. जी वाऱ्याकडे पाठ फिरवून धांवत सुटते ती रात्रींच्या वेळीं घातकी.

कागदपत्रांविषयीं थोडक्यांत. नोंदणी कोणाच्या नांवें आहे, आधींच्या मालकापासूनचीं विक्रीपत्रें सलग आहेत काय, नौका परदेशांत बांधलेली असल्यास जकात भरल्याची पावती आहे काय, हें पाहावें. जाणता परीक्षक लावावा, आणि त्याची फी आपण द्यावी. विक्रेत्यानें आणलेला परीक्षक विक्रेत्याचा असतो. आमच्या मतें, जवळ जितका पैसा असेल त्याचे तीन भाग करून दोनच भाग नौकेस द्यावे. तिसरा पहिल्या वर्षांतच जातो. तिसरा भाग नसेल तर त्या माणसानें नौका घेऊं नये, मित्राच्या नौकेवर खलाशी म्हणून जावें. शर्यतींत चांगल्या खलाशास कोणी नाहीं म्हणत नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यानें ती पांढरी नौका घेतली नाहीं. परतीच्या वाटेवर तो बराच वेळ बोलला नाहीं; मग म्हणाला, "गुरुजी, चार वर्षें थांबलों, आणखी थोडें थांबेन." फेब्रुवारींत त्याचें दुसरें पत्र आलें. त्यानें व दोघां मित्रांनीं मिळून क्लबाच्या वर्गांतील एक नौका घेतली आहे. पांढरीपेक्षां ती जुनी, लहान, आणि रंगानें विटलेली. पण दरवर्षीं पावसाळ्यांत छपराखालीं ठेवलेली व दर हंगामांत धांवलेली. निजावयास दोघांपुरतीच जागा आहे. तिसऱ्यानें पहारा करावयाचा. तक्तपोशी त्यानें स्वतः ठोकून पाहिली, एक वीतभर जागा बद्द वाजली, ती सुताराकडून उघडून बदलून घेतली, आणि तो खर्च किंमतींतून वजा करविला. पहिल्या शर्यतींत ते नवांपैकीं सातवे आले. होळीच्या सुटींत मांडव्यापर्यंत जाऊन आले. येतांना वारा तोंडावर होता आणि सारी दुपार नागमोडी चालण्यांत गेली. पुढचें शीड फार ताणलें गेलें आहे, तें पावसाळ्यांत नवें शिवून घ्यावें काय, असें त्यानें विचारलें आहे. आम्हीं कळविलें आहे कीं, शिवून घ्यावें. मात्र शिवण्यास टाकण्यापूर्वीं क्लबाच्या नियमांत त्याचें माप काय दिलें आहे, तें वाचून पाहावें.